पाठीमागचं पाणी

कासव उठलं की तो खेळायचं विसरायचा, ही त्याची मुख्य अडचण होती.

बाकीचे सात जण तलवारी, भाले, मंत्रतंत्र घेऊन तुटून पडायचे आणि हा गुडघाभर पाण्यात आ वासून उभा. उभा का राहणार नाही? आधी सगळं सरोवर एकदा शहारायचं, दुधावरची साय हलावी तसं. मग मधोमध पाणी फुगायचं आणि इतका वेळ ज्याला बेट समजत होतो ते बेटच मान वर काढायचं. पाठीवर अख्खं रान, रानात बगळे. कासवाने श्वास घेतला की झाडं त्याच्या तोंडाकडे वाकायची, सोडला की बगळे उडायचे. आणि उडालेले बगळे एकेक करून परत यायचे, आपापली फांदी ओळखून बसायचे. कुठल्याशा खोलीत कुणीतरी आठ-आठ दिवस बसून या बगळ्याच्या पंखाची खालची बाजू रंगवली असेल, ती बघायला कुणी थांबणार नाही हे ठाऊक असून रंगवली असेल, या विचाराने त्याला भरून यायचं. डोळे पुसेपर्यंत कासव त्याला गिळून मोकळं.

तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. पहाटे सहाला कामावर, दुपारी अडीचला घरी, आणि चार ते सहा गेम. घरात टीव्ही एकच होता आणि माणसं तीन: तो, बायको आणि आई. साडेचारला आईची मालिका असायची, त्यामुळे कित्येक वर्षं त्या टीव्हीवरून रोज छोटी लढाई व्हायची. पण गेल्या दोन महिन्यांत आईने मालिकेचं नावच काढलं नव्हतं. आपल्या मतांचा हा विजय आहे असं त्याला वाटे, कारण टीव्हीबद्दल त्याची मतं होती आणि ती तो जेवताना मांडत असे.

"मालिकेत एक थोबाडीत मारायला तीन दिवस लागतात," तो म्हणायचा. "पहिल्या दिवशी हात उठतो. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे चेहरे. तिसऱ्या दिवशी गाल. उलट गेममध्ये बघ. लढाई ऐन भरात आलीय आणि माणूस थांबतो, चिलखत बदलतो, एक सफरचंद खातो. राक्षस बिचारा हात वर करून ताटकळत उभा. दोन्हीकडे वेळ खोटाच आहे, पण मालिका आपला वेळ खाते आणि गेम आपल्याला वेळ देतो."

"पोळी हवी का अजून?" बायको विचारायची.

घरात त्याच्या बोलण्याला उत्तर मिळायचं ते अशा प्रकारचं. हे इथेच सांगून ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा उत्तर न मिळण्याच्या त्याच्या या सवयीमुळेच चार महिने टिकला.

घोटाळा असा. चार महिन्यांपूर्वी त्याने माइकवाला नवा हेडफोन आणला. तो डोक्यावर चढवला की जग बाहेर राहायचं. पाठीमागे बायकोचं शिवणयंत्र धडधडत असलं तरी याच्या कानात फक्त सरोवर. कानापाशी एक बटण होतं आणि बटणाशेजारी बारीकसा लाल दिवा. आता, बावीस वर्षं हा माणूस एका लाल दिव्याखाली नोकरी करत होता. एक्स-रेच्या खोलीवरचा तो दिवा लागला की दार बंद, आतलं आत, बाहेरचं बाहेर. त्यामुळे हेडफोनचं माहितीपत्रक उघडून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. लाल म्हणजे बंद. दिवा विझला म्हणजे या, बोला.

त्या हेडफोनवर लाल म्हणजे माइक चालू होता.

मग काय व्हायचं? खेळात सोबत्यांना काही सांगायचं असलं की तो शिस्तीत बटण दाबून दिवा विझवायचा आणि डावपेच सांगायचा: "डावीकडून या. घाई नको. श्वास घेताना खडकामागे जा." यातला एक शब्द कुणाच्या कानी पडत नसे. सांगून झालं की तो तितक्याच शिस्तीत दिवा लावून ठेवायचा, आणि मग त्याच्या घरातला भांड्याचा आवाजसुद्धा सात अनोळखी माणसांच्या कानांत स्वच्छ उतरायचा. पडद्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं नाव उमटायची सोय होती. ती त्याने बंद ठेवली होती, कारण त्या नावांमुळे कासवाच्या पाठीवरचं रान झाकलं जायचं. खाली लिहून आलेले निरोप तो वाचत नसे. आपल्या सूचनांना कुणी हूं की चूं करत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं; पण घरीही हूं की चूं नसायचं, त्यात विशेष काय?

ही माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नव्हती, आवाजाने ओळखत होती. म्होरक्या होता कप्तान, बेकरी चालवणारा, त्याचा आवाज भट्टीतून आल्यासारखा. भुंगा म्हणून एक अभियंता होता, तो एका जागी ठरत नसे आणि सगळ्यांच्या आधी मरत असे. जखमींना बरं करायचं काम मावशींकडे; त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या आणि तलवार लागलेल्या माणसालाही आधी "शर्ट खोच" म्हणायच्या. आणखी चौघं होते, ते फारसं बोलत नसत. याचं नाव तिथे होतं सावली. दिवसभर माणसांच्या हाडांच्या सावल्या बघतो, म्हणून त्यानेच घेतलेलं.

गेले काही आठवडे ही मंडळी विचित्र खेळत होती. लढाईच्या मधोमध सगळे अचानक गप्प व्हायचे. एकदा तर कासव उठलेलं असताना कप्तान म्हणाला, "जरा थांबा रे, ऐकू द्या." हा समजला, कासवाच्या पावलांचा कानोसा घेतायत. आणि त्यांच्या खेळाला कुठून तरी लय आली होती. कासव दर चौथ्या ठोक्याला श्वास ओढायचं आणि त्या क्षणी जो खडकामागे नसेल तो गेला. चार महिने एकाच वेळी आठ जण कधी खडकामागे पोचले नव्हते. आता पोचू लागले. भुंगासुद्धा. आपण इतके दिवस घसा कोरडा केला त्याचं हे फळ, असं मानून तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता.

त्या बुधवारी कासव पडलं.

पडलं म्हणजे काय, एक डोंगर थकला. मान पाण्यावर टेकली, रान कलंडलं, सगळे बगळे एकदम उडाले आणि या खेपेला कुठे बसावं ते त्यांना कळेना. मग पडदा काळाभोर झाला. पुढचं दृश्य यायला पाच-सात क्षण लागतात तेवढ्यापुरता. काळ्या काचेत खोली उमटली. खुर्चीतला तो, त्याच्या डोक्यावरचा हेडफोन, आणि त्याच्या मागे त्याची आई.

आई हवेत होती. निदान दिसलं तसं. पोटावर आडवी, पाय मागे ताठ, हात एकामागून एक पुढे टाकत, मान डावीकडे वळवत, तोंड उघडत, परत हात. सत्तर वर्षांची त्याची आई त्या काळ्या काचेतून संथपणे कुठेतरी निघाली होती, आणि तिच्या पायांपाशी वाकून बायको काहीतरी पुटपुटत होती.

पडदा उजळला, खजिन्याची पेटी आली, आई दिसेनाशी झाली. त्याने हेडफोन उतरवून गर्रकन मागे पाहिलं. आई स्टुलावर बसली होती आणि उशीला अभ्रा घालत होती.

"काय चाललंय?"

"अभ्रा घालतेय."

"त्याला अभ्रा आहे."

"मग आणखी एक घालतेय. तुझं संपलं का ते कासव?"

बायको शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवत होती. दोरा आधीच ओवलेला होता. दोघी चहा करायला आत गेल्या तेव्हा त्याने हेडफोन पुन्हा चढवला, तर आत सातही जण एका सुरात म्हणत होते:

"वहिनींचा विजय असो."

"सगळं श्रेय वहिनींचं," कप्तान म्हणाला. "त्यांच्या त्या मोजणीशिवाय हे कासव आपल्या नातवंडांच्या हातूनही पडलं नसतं."

त्याने दिवा विझवला. "कोण वहिनी?"

"हात पुढे, पाणी मागे," भुंग्याने चाल धरली.

"मान वळव, श्वास घे," बाकीचे म्हणाले.

"अरे, पण कोण वहिनी? मी काय विचारतोय?"

कुणी लक्ष दिलं नाही. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं, मग नाद सोडून दिवा लावला आणि आपल्याशीच पुटपुटला, "भिंतीशी बोलावं त्यापेक्षा. चार महिने ओरडतोय, एकाला ऐकू येत नाही."

सात जणांनी सात ठिकाणी श्वास रोखला होता.

"सावली," कप्तान हळूच म्हणाला, "आता आलं ऐकू."

"आता? आता तर बंद आहे. लाल दिवा लागलाय."

"लाल म्हणजे चालू."

"लाल म्हणजे बंद. बावीस वर्षं नोकरी केलीय मी लाल दिव्याखाली."

"तुमच्या नोकरीत असेल. हेडफोनच्या कंपनीला ते कुणी कळवलेलं दिसत नाही."

त्याच्या डोक्यात चार महिने उलटे सरकत गेले. "म्हणजे मी डावपेच सांगत होतो ते…"

"तुम्ही डावपेच सांगत होतात?" भुंग्याला खरंच आश्चर्य वाटलं. "आम्हाला वाटायचं तुम्ही मौनात आहात."

"आणि घरचं?"

शेवटी मावशींनी वर्गातल्या मुलांच्या वतीने बोलावं तसं तोंड उघडलं. "पहिल्या आठवड्यात तीनदा लिहून कळवलं होतं तुम्हाला."

"ते मी वाचत नाही."

"ते समजलं आम्हाला. मग कान झाकून घ्यायला हवे होते, ती आमची चूक. खरंच चूक आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्या दिवशी आई पहिल्यांदा पाण्यात उतरल्या ना, त्या दिवसापासून मला ते जमेना."

"कुठल्या पाण्यात?"

कप्तान जोरात खाकरला. भुंगा म्हणाला, "घ्या. याला माहीतच नाही."

मग सात जणांनी मिळून त्याला त्याच्या घरात काय चाललंय ते सांगितलं.

आई पोहायला शिकत होती. दोन महिने. सकाळी आठला, तो कामावर असताना, सूनबाई तिला जलतरण तलावावर न्यायची; सून कॉलेजात असताना पोहणारी होती, हे त्याला माहीत होतं पण विसरल्यासारखं. आणि दुपारी चारनंतर, तो कानांवर झाकणं घालून कासवापुढे बसला की त्याच्या खुर्चीमागे स्टुलावर आडवं पडून उजळणी. म्हणून मालिका सुटली होती. तलावावर नवशिक्यांना पिवळी टोपी असते. खोल टोकापासून एक लांबी, पंचवीस मीटर, कुठेही न धरता पार केली की निळी टोपी मिळते आणि खोल पाण्यात मोकळेपणी पोहायची मुभा. आईची दोनदा हुकली होती. येत्या शनिवारी सकाळी तिसरी आणि शेवटची खेप. तीही हुकली तर सहा महिने नाव घालता येत नाही.

"मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं, पण या प्रश्नाचं उत्तर त्यालाच येत होतं.

त्याच्या लेखी जग म्हणजे हाडं मोडायच्या जागा होत्या. स्टूल म्हणजे मनगट. ओली फरशी म्हणजे खुबा. सायकल म्हणजे गळपट्टीचं हाड. माळ्यावरचा डबा म्हणजे दोन बरगड्या. "मी रोज चित्रं बघतो," असं म्हणून त्याने आईची शिडी बंद केली होती, मग सायकल, मग गच्चीवर एकटीने जाणं. तलावाचं त्याला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, हे त्या घरातल्या शिवणयंत्रालासुद्धा तोंडपाठ होतं.

"सावली," मावशी म्हणाल्या, "तीन दिवस काही बोलू नका. एवढं ऐका माझं."

गुरुवारी इस्पितळात आलेलं प्रत्येक हाड त्याला आईचं वाटलं. कुणाचा तरी घोटा उजेडाच्या काचेवर लावून तो इतका वेळ बघत राहिला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय हो, ओळखीचा आहे का?" दुपारी घरी येऊन त्याने हेडफोन चढवला, पण डाव्या कानावरचं झाकण हळूच मागे सरकवलं. दिवा लाल. म्हणजे आता आठ जण ऐकत होते, आणि त्यातला तो एक होता.

शिवणयंत्र थांबलं. स्टूल ओढल्याचा आवाज.

"हात पुढे, पाणी मागे," बायको म्हणाली. "मान वळव, श्वास घे. पाय वाकवू नका, आई. पुढे. मागे. छान."

"इथे छानच होतं गं," आई धापा टाकत म्हणाली. "इथे खाली फरशी आहे. तिथे खोल टोकाला दांडी धरून उभी राहते आणि बोटं माझी राहतच नाहीत. मी म्हणते सोडा, ती म्हणतात नाही. सासरी जायच्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने खांबाला मिठी मारली होती, तसं."

"मी काठावर असते ना."

"तू असतेस म्हणून तर. तुझ्यापुढे घाबरलं तरी चालतं." स्टूल करकरलं. मग आई म्हणाली, "तो असता तर वेगळं झालं असतं."

त्याचा हात कंट्रोलरवर थबकला. पडद्यावर त्याचा योद्धाही थबकला. कानात सात जण थबकले.

"धीर आला असता का?" बायकोने विचारलं.

"कसला धीर? त्याच्यापुढे घाबरायची सोय नाही. मी घाबरले की तो जिंकतो. म्हणाला असता, बघ, सांगितलं होतं. ते एक वाक्य त्याला म्हणू न देण्यासाठी मी समुद्र ओलांडीन."

भुंगा फिसकन हसला. मावशींनी त्याला दटावलं. आणि हा, ज्याचा एकही डावपेच चार महिन्यांत कुणाला ऐकू आला नव्हता, तो खुर्चीत हळूहळू ताठ होत गेला. मग दिवा लाल आहे याची नीट खात्री करून, पाठीमागे ऐकू जाणार नाही इतक्या खालच्या आवाजात तो म्हणाला, "कप्तान, शनिवारी मी रजा घेतोय."

शनिवारी सकाळी तो रोजच्यासारखा अंधारात घराबाहेर पडला, दोन तास एका बाकावर बसून राहिला आणि आठला तलावाच्या आवारात शिरून वाळत घातलेल्या टॉवेलांमागे जाऊन उभा राहिला.

गेममधलं सरोवर त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्याला वास नव्हता. या पाण्याला औषधाचा उग्र वास होता, छतावरच्या काचांतून आलेलं ऊन त्यात तुकड्या-तुकड्यांनी हलत होतं आणि पिवळ्या टोप्या उथळ भागात झेंडूसारख्या तरंगत होत्या. एक पिवळी टोपी मात्र पार पलीकडच्या टोकाला, खोल पाण्यात, भिंतीला चिकटून होती.

गळ्यात शिटी अडकवलेल्या बाईंनी शिटी वाजवली. टोपी हलली नाही. काठावर वाकलेल्या बायकोने मोजणी धरली, "हात पुढे, पाणी मागे…" टोपी हलली नाही. दांडीवरची बोटं त्याला इतक्या लांबूनही दिसत होती. त्या बोटांतलं प्रत्येक हाड तो नावाने ओळखत होता आणि एकही त्याचं ऐकणार नव्हतं.

दुसरी शिटी. "आजी, तिसऱ्या शिटीला नाही सुटलात तर पुढल्या हंगामात हं," बाई म्हणाल्या.

तो टॉवेलांतून बाहेर आला. काठापर्यंत चालत गेला. त्याला वाटत होतं, सरळ आईला उचलावं, कोरडं करावं आणि घरी न्यावं. ते वाटणंच त्याने आवाजात घातलं.

"आई, बाहेर ये."

सगळ्या पिवळ्या टोप्या वळल्या. बायकोच्या तोंडातली मोजणी तोंडातच राहिली.

"बाहेर ये म्हणतो ना. काय वय काय तुझं, नसते उद्योग. मी रोज चित्रं बघतो. पाय घसरला, काठ लागला, की सहा महिने खाटेवर. उतरायचं ठीक, पण सुटायचं धाडस नाही ना? नाहीच होणार. सांगितलं असतंस तर मी आधीच सांगितलं असतं."

आईने मान वर केली. आधी तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पांढरी, पाण्यासारखी हलणारी. मग ती भीती हळूच बाजूला झाली आणि तिच्या जागी जो चेहरा आला तो त्याने लहानपणापासून पाहिला होता: घरमालकाशी बोलतानाचा, शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलतानाचा, आणि त्याच्याशी तर रोजचाच.

"याला कुणी सांगितलं?" तिने सुनेला विचारलं. सुनेने मान हलवली. आईने तिसऱ्या शिटीची वाट पाहिली नाही.

"बघ," ती त्याला म्हणाली, आणि दांडी सोडली.

पहिले दोन हात फारच वाईट पडले. तिसऱ्याला ती बुडाली, म्हणजे त्याला तसं वाटलं, आणि त्याने चपला काढल्या. मग टोपी वर आली, मान डावीकडे वळली, तोंड उघडलं, पाण्याने तिला आपल्या हातावर घेतलं. हात पुढे, पाणी मागे. काठावरून बायको चालत होती, तिच्या मागून हा अनवाणी चालत होता, आणि उथळ पाण्यातल्या पिवळ्या टोप्या दुभंगून वाट करून देत होत्या. नवव्या मीटरला तिचा श्वास चुकला. सोळाव्याला ती वाकडी गेली आणि दोरीपासून वीतभर अंतरावरून परत सरळ झाली. धाप लागलेली, हट्टी, हळू, कुणी चिमटीत धरून पुढे सरकवावी इतकी हळू, पण पुढेच. आयुष्यभर माणसाकडे बघितलं की त्याला आतला सांगाडा दिसायचा. आता मात्र हाडं दिसली नाहीत. नुसती आई दिसत होती, पाण्यावर पसरलेली, उन्हाचे तुकडे पाठीवर घेतलेली. त्याला आ वासायचंही भान राहिलं नाही.

आईने पलीकडच्या भिंतीला हात लावला, उभी राहिली, नाकातलं पाणी शिंकरलं.

"काय म्हणत होतास?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग जा कामावर. लोकं ताटकळली असतील."

बायकोने त्याच्या हातात त्याच्या चपला दिल्या. "ते ओरडलात ते खरं होतं का हो?"

"अर्धं," तो म्हणाला.

"कुठलं अर्धं?"

तेवढ्यात शिटीवाल्या बाई निळी टोपी घेऊन आल्या, म्हणून त्याची सुटका झाली.

चार वाजता त्याने टीव्ही लावला. कप्तानने आधीच बजावून ठेवलं होतं, "सावली, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. आईंच्या तोंडून ऐकू द्या." दिवा लाल करून तो बसला. आई घरातही निळी टोपी घालून वावरत होती आणि सकाळची हकीकत सुनेलाच पुन्हा सांगताना रंगात आली होती. तिच्या सांगण्यात तलाव पन्नास मीटरचा झाला, लाटा आल्या, आणि मुलगा काठावर नाचत "बाहेर ये, बाहेर ये" म्हणून ओरडत राहिला.

"मी त्याच्याकडे बघितलं," आई म्हणाली, "आणि मनात म्हटलं, तुझ्या त्या चित्रांत माझं चित्र नाही लागायचं. आणि सोडली दांडी."

हेडफोनमध्ये असा काही जल्लोष उसळला की तो त्याच्या कानांत मावेना. झाकणांच्या फटीतून खोलीत सांडला. बायको यंत्रावरून उठून जवळ आली.

"हे कोण आनंदलंय?"

खोटं बोलायचं ठरवेपर्यंत त्याचा चेहरा खरं बोलून बसला होता. त्याने सगळं सांगितलं: लाल दिवा, चार महिने, सात माणसं. बायको ऐकत उभी राहिली. तिच्या नजरेसमोरून चार महिन्यांची एकेक दुपार जात असलेली त्याला दिसत होती.

"सगळं ऐकलं त्यांनी?"

"सगळं."

"तुमच्या घोरण्याचं मी आईंना म्हणाले होते ते?"

"त्यांनी नक्कल करून दाखवली मला."

ती खुर्चीच्या हातावर बसली. रागवावं की कसं, हे तिचं ठरत नव्हतं; लोकांनी चोरून ऐकलं याचा राग, आणि आपली मोजणी कुठल्याशा राक्षसाला पुरून उरली याचं नवल, दोन्ही तिच्या ओठांवर एकाच वेळी येऊन अडखळलं होतं. आई मात्र टोपी सावरत थेट मुद्द्यावर आली.

"ते सात जण कुणाच्या बाजूने होते?"

"म्हणजे?"

"तुझ्या की माझ्या? सोपं विचारतेय."

"तुझ्या."

"सातही?"

"सातही."

"इकडे आण ते," आई म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून तिने निळ्या टोपीवर चढवला. त्याला खुर्चीतून उठवून ती त्यात बसली. बायकोने त्याला खुणेने मागचं स्टूल दाखवलं. तो स्टुलावर बसला. पडद्यावर नवं सरोवर होतं आणि त्याचा योद्धा कंबरभर पाण्यात एकटाच उभा होता, हात खाली सोडून. कुठूनसा एक मगरीसारखा प्राणी त्याच्याकडे निघाला होता, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती.

"हो, मीच," आई माइकमध्ये म्हणाली. "नाही हो, दुखत नाहीत खांदे… मावशी म्हणायचं का तुम्हाला? मग मलाही आई नका म्हणू, आपण एकाच वयाच्या असू… हो… अय्या, तुम्हालाही? मग या की शिकायला."

मगरीने योद्ध्याचा पाय धरला.

"नाही, एवढ्यावर कशी थांबेन," आई आवाज खाली आणत म्हणाली. "पुढल्या महिन्यात समुद्र. सूनबाईशी बोलणं झालंय माझं."

"समुद्र?" तो म्हणाला.

आईने मागे न बघता हात वर करून त्याला गप्प केलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"छे, त्याला कुठे सांगतेय," आई म्हणाली. "इथेच आहे, मागे बसलाय. ऐकत नाहीये तो, त्याचं सगळं लक्ष टीव्हीकडे असतं."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने ओठांवर बोट ठेवलं. मग त्याने मुकाट्याने मान वळवली आणि लक्ष टीव्हीकडे लावलं.